सदाची बदलायची राहिलेली गाडी

समस्त वडगाव, शहापूर, खासबाग ते थेट कोगनोळी नाक्यापर्यंतच्या तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ज्या इसमास क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे आजतागायत सांगता आलेले नाही, तो इसम गेल्या आठवड्यापासून एका चारचाकी वाहनाचा मालक झालेला आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. वाहन जागचे हलणार नाही.

तो इसम मी. गाडी माझा मित्र सदा याची. पांढरी, छोटी, केए बावीस म्हणजे बेळगाव पासिंगची, मागच्या काचेवर देवाचा अर्धा सोललेला स्टिकर. ती माझ्या दारात कशी आली ते सांगायचं म्हणजे सदा गेला त्या सकाळपासून सुरुवात करावी लागेल.

त्या सकाळी आम्ही निपाणीला जाणार होतो, गाडी बघायला. मी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना ताजा कलप लावून फाटकाशी उभा. गणपतीतल्या नाटकांत मी तीस वर्षं राजाची कामं केली, त्यामुळं नुसतं रस्त्यावर उभं राहायचं झालं तरी मी एन्ट्रीच्या तयारीनं उभा राहतो. सदाचे दोन हॉर्न ठरलेले असायचे. एक ‘आलो’चा आणि एक ‘ये की जाड्या’चा. त्या दिवशी हॉर्न वाजले नाहीत, फोन वाजला. त्याच्या शेजारची आक्का बोलत होती. “बापूदादा, सदाअण्णा उठंनात बघा... हाक मारून दमलो...” पुढचं मी ऐकलं की नाही आठवत नाही. सदाशिवनगरच्या स्मशानात त्याला पोचवायला गेलो ते कुणाच्या तरी नव्या कोऱ्या गाडीतून, मागच्या सीटवर बसून. सगळ्या वाटेत मला पाय कुठं ठेवायचे तेच कळत नव्हतं.

सदा मागवाला. बापाच्या चार मागांपैकी दोन त्यानं शेवटपर्यंत चालवले. पॉवरलूमच्या घरात जन्मलेला माणूस एकतर ओरडून बोलतो नाहीतर खुणांनी. सदा खुणांनी बोलायचा. चहा हवा असला की अंगठा ओठाशी, सूत संपलं की दोन बोटं हवेत. वहिनी होत्या तोवर त्या खुणा वाचणारं घरात कुणीतरी होतं. त्या गेल्या, मुलगा महेश पुण्याला नोकरीला लागला, आणि सदाच्या खुणा भिंतीला दिसायला लागल्या. त्यात त्याचा उजवा कान मागाकडं असायचा. तो कान मागानं पार खाल्ला. डाव्या कानानं मात्र त्याला बरं ऐकू यायचं. पण लग्नाच्या पंगतीच्या कालव्यात बसला की तो नुसता हसायचा, कारण कोण काय बोलतंय ते त्याला कळतच नसे. लोक म्हणायचे, अण्णा भारी शांत हाय. शांत कसला! एकदा गाडीत बसून बघायचं होतं त्याच्याबरोबर.

गाडीचे हप्ते फिटले, बँकेनं कागद मोकळे केले, त्या दिवशी सदा कुंदा मिठाईचा डबा घेऊन माझ्याकडं आला. मी म्हटलं, “अभिनंदन! आता ही खरी तुझी झाली.” तर हा गंभीर चेहरा करून म्हणाला, “आता खरा प्रश्न सुरू झाला की रं. ठेवायची का बदलायची?”

हा प्रश्न पुढं कित्येक वर्षं चालला. भारत-पाक चर्चा याच्यापुढं काहीच नाही. दर खंडेनवमीला सदा आधी मागांची पूजा करायचा, मग त्याच हातानं, त्याच झेंडूच्या माळेतला तुकडा तोडून गाडीची. मागावरच्या ताण्याचा एक रंगीत धागा स्टीअरिंगला बांधायचा आणि जाहीर करायचा, “पुढच्या खंडेनवमीला ही न्हाय. पुढच्या वर्षी नवी पुजायची.” मी टाळ्या वाजवायचो. पुढच्या वर्षी तीच गाडी, त्याच स्टीअरिंगला नवा धागा. जुने धागे तो सोडत नसे. शेवटी शेवटी स्टीअरिंगचा खालचा भाग गारुड्याच्या मनगटासारखा दिसायला लागला होता.

मधल्या वर्षात मात्र आम्ही इमानेइतबारे गाड्या बघायचो. रविवारी माग बंद असले की सदा यायचा, दोन हॉर्न द्यायचा, आणि आम्ही निघायचो. कधी बेळगावातलं शोरूम, कधी संकेश्वर, कधी निपाणी. फारच ऊत आला की कोल्हापूर. कोल्हापूरच्या गाडीत एक मोठी सोय होती. ती नाकारायला कारण तयार असायचं. “एमएच पासिंगची घेतली तर हिकडं परत टॅक्स. कोण बसतंय हेलपाटे मारत?” बेळगावात म्हणायचा, “रंग कोल्हापुरात चांगला हाय.” अशा रीतीनं सीमाप्रश्न सदाच्या पार्किंगपर्यंत येऊन पोचला होता आणि तिथंही सुटत नव्हता.

शोरूममध्ये याची तपासणीही न्यारी. सेल्समन पडदा दाखवतोय, कॅमेरा दाखवतोय, सदाचं लक्ष नाही. तो ड्रायव्हरच्या जागी बसायचा आणि मला फर्मान सोडायचा, “बस बघू.” मी माझा देह डाव्या सीटमध्ये कसाबसा कोंबायचो. तो काच वर करायला लावायचा. “आता बोल कायतरी.” मी राजाच्या आवाजात ‘कोण आहे रे तिकडे’ म्हणायचो. सेल्समन दचकायचा. सदा क्षणभर कान देऊन बसायचा आणि मान हलवायचा. “न्हाय जमत. लई रुंद हाय. तू लांब पडतोस.”

परत येताना तवंदी घाटाच्या अलीकडं एका हॉटेलात भजी खायची, हा नियम. भज्यांच्या टेबलावर सदा पुन्हा मुका. आजूबाजूला ट्रकवाल्यांचा कालवा, त्यात त्याला काही ऐकू यायचं नाही. पण गाडीत बसून दार लावलं की त्याच्या तोंडाचा माग सुरू. वहिनींना शेवटी दवाखान्यात नेताना त्या काय म्हणाल्या, महेशला मूल होत नाही त्याचं दुःख, साडीच्या काठाची नवी नक्षी, समोरच्या बसवाल्याच्या आईबापाचा उद्धार... घाट उतरून हत्तरगी येईपर्यंत थांबायचा नाही. त्याच्या चांगल्या कानाशी मी बसलेलो, मध्ये फक्त गिअरचा दांडा. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, “सदा, तुला गाडी घ्यायचीच नाही. तुला नुसतं बघायचंय.”

तो गिअर बदलत म्हणाला, “घेतली तर मग पुढच्या रविवारी कुठं जायचं रं?”

त्यावर मी काहीतरी विनोद केला असणार. मी करतोच.

दिवस-कार्य झाल्यावर महेश माझ्याकडं आला. पोरगा समजूतदार आहे. म्हणाला, “काका, गाडीचं काय करू? पुण्यात कर्नाटक पासिंगची नेऊन मला त्रास. ठेवली तर इथं गंजून जाईल. तुम्ही म्हणाल तसं.” आयुष्यभर सदानं न सोडवलेला प्रश्न फिरून माझ्याच अंगावर. मी मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणालो, “विकून टाक. वस्तू वापरात राहावी.” वाक्य चांगलं होतं. म्हणतानाच मला ते नाटकातलं वाटलं. दोन रविवार मी घरातच काढले. सवयीनं आंघोळ करून शर्ट घालायचो आणि मग शर्ट काढून ठेवायचो. माझ्या घरी बोलायला टीव्ही आहे. त्याला दोन्ही कान चांगले आहेत, पण तो ऐकत नाही.

तिसऱ्या रविवारी गिऱ्हाईक आलं. निपाणीचाच माणूस, तंबाखूच्या वखारीतला, मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. महेशनं मला बोलावून घेतलं. सदाच्या दारात गाडी धुऊन उभी केली होती, माळ नव्हती एवढंच. धागे मात्र होते. त्या गृहस्थानं बॉनेट उघडलं, टायरला लाथ मारली, इंजिन चालू करून एक कान लावला. सगळं पसंत. मी मनाशी म्हटलं, चला, पडदा पडला. मग तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला, उठला, फिरून डाव्या बाजूला आला, बसला... आणि खाली गेला तो गेलाच. दोन्ही हातांनी सीट चाचपली. वाकून पलीकडची सीट दाबून बघितली. परत ही दाबली. महेशनं माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं. आणि तो भला माणूस सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

“अवो मालक, डायवरची शीट अजून ताठ हाय आन् ही शेजारचीच पार बसून गेलीया की! तुमच्या वडलांनी गाडी चालवाय घेतलती का कुणाला तरी शेजारी बसवाय?”