आकाराम गुळव्याचा दमा

लघवीची बाटली ओल्या वाळूत पुरायची अक्कल माझीच. २००३ सालची गोष्ट. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात. त्या सुजेची खूण लघवीत सापडते का, हे आमच्या डॉक्टरीणबाई तपासत होत्या. मी, गडहिंग्लजचा बी.एस्सी., त्यांच्यासाठी गावोगाव बाटल्या गोळा करायचो. नमुन्याला ऊन-उजेड चालत नाही, म्हणून बाटलीला काळा कागद. त्या दिवशी डब्यातला बर्फ वितळला. मग कसबा बावड्याच्या गुऱ्हाळावर माठाखालच्या गार वाळूत बाटली पुरली आणि खुशाल रस प्यायला बसलो.

बाटली आकारामची. काहिलीत, म्हणजे चुलाणावरच्या मोठ्या कढईत, उकळणारा रस नेमका कधी उतरवायचा, हे सांगणारा गुळव्या तो. तीस वर्षं धुरात काढलेली. दमा मालकापासून लपवलेला, कारण कळलं असतं तर त्याला काहिलीवरून उठवलं असतं. मलाही त्यानं शपथ घातली होती.

मालक भीमाप्पाचा गूळ तीन दिवस घट्ट होत नव्हता. तो पाणी प्यायला आला, पायाला काहीतरी टोचलं, उकरलं तर काळ्या कागदातली बाटली. वर आकारामचं नाव.

"माझ्या गुऱ्हाळावर करणी करतोस व्हय रं?"

उसाच्या पहिल्याच फटक्यात आकारामचा कान फाटला. त्यानं मालकाचं नरडं धरलं. दोघं चिपाडांत लोळले, बाटली फुटली. गड्यांनी आकारामला दाबून धरलं आणि भीमाप्पा त्याच्या छातीत लाथा घालू लागला. छातीतून शिट्टी वाजायला लागली, ओठ निळे पडले. तरी आकाराम माझ्याकडं बघून मान हलवत होता, बोलू नकोस म्हणून.

मी बोललो. "मालक, दमा हाय त्याला! करणी न्हाय, तपासणी हाय ती!"

उचललेला पाय लाथ न घालताच खाली आला. भीमाप्पानंच जीप काढली.

दवाखान्यात घेतलेल्या त्या संध्याकाळच्या लघवीत सुजेची खूण मागच्या आठवड्याच्या चौपट निघाली. बाईंनी ओढायचा फवारा सुरू केला. श्वास परतला, पण काहिलीवरचं काम गेलं. आता आकाराम फाटकावर उसाच्या गाड्या उतरवून घेतो.

महिन्यानं मी रिपोर्ट वाचून दाखवायला गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या कानशिलात अशी हाणली की मी मोळीवरच बसलो.

"ही बाटलीची. तोंड उघडलंस त्याची बाकी हाय."

परवा भेटला तेव्हा मीच गाल पुढं केला. म्हटलं, "मामा, घ्या मिटवून."

"आज न्हाय. आज श्वास झ्याक चाललाय, तुझ्यावर कशाला घालवू?"

दुसरी अजून यायची आहे.