पोरं हायेत तवर

नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला लागलो तेव्हा आमच्या गल्लीत फोन एकाच घरी होता, बालवाडीच्या बाईंच्या. पडवीत वीस पोरं बसायची आणि आतल्या खोलीत, विणलेल्या रुमालाखाली, फोन. शाळा भरलेली असताना तो कितीही वाजला तरी बाई उठत नसत. एका शेजाऱ्यानं त्यावरून हुज्जत घातली, तेव्हा म्हणाल्या, "पोरं हायेत तवर त्यो फोन माझा न्हाई." शाळा सुटली की प्रत्येक पोराचा हात आईबापाच्या हातात द्यायच्या आणि उरलेली डोकी पुन्हा मोजायच्या. मला हे जरा अतीच वाटायचं.

एकदा सकाळी माझ्या लेकीला बालवाडीत सोडायला गेलो तर बाई म्हणाल्या, "घोडेगावला आई दवाखान्यात हाय. भाऊ फोन करनार हाय."

त्याच दुपारी मी चहाच्या टपरीवर गप्पांत रमलो आणि लेकीला न्यायला अर्धा तास उशिरा पोचलो. बाकीची पोरं गेली होती. बाई पायरीवर बसलेल्या, माझी लेक त्यांच्या मांडीवर झोपलेली. आत फोन वाजत होता.

"अहो बाई, फोन!"

त्यांनी लेकीला अलगद माझ्या खांद्यावर दिलं, तिचा हात माझ्या हातात ठेवला आणि मग आत धावल्या. तोवर रिंग थांबली होती.

"तिसऱ्यांदा वाजला," बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या.

उशीर कशानं झाला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी खोटंच बोललो असतो.