भिंतीमागचं चौथं तोंड

ऐंशीच्या दशकात भांडुपच्या आमच्या चाळीत पान खाणाऱ्यांनी जिन्याचा कोपरा थुंकून लाल केला होता. देव रंगवला की लोक थुंकत नाहीत, म्हणून मी नाक्यावरून एक पेंटर आणला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कानावर ब्रश, आणि बोलताना एक डोळा मिटून समोरच्याचं नाक मापायची सवय.

मी सांगितला गणपती, त्याने काढायला घेतला ब्रह्मदेव.

"अहो, याला पूजतं कोण?" मी वैतागलो.

"म्हणूनच तर, साहेब! बाकीचे देव बिझी. हा मोकळाच असतो, पूर्ण लक्ष देईल. वर चारी बाजूंना तोंडं!"

तीन तोंडं झकास उतरली. तेवढ्यात जिन्यामागच्या खोलीतल्या मालवणी काकू बाहेर आल्या आणि बोटाने तोंडं मोजू लागल्या.

"चौथा खंय?"

"ते मागे असतं काकू, भिंतीपलीकडे."

"पलीकडे माझी मोरी आसा! मी आंघोळ करताना तो बघतलो?"

पेंटरने जीभ चावली. मग चपला काढून तो रंगाचे डबे घेऊन काकूंच्या मोरीत शिरला आणि तिथल्या भिंतीवर त्याने चौथं तोंड काढून दिलं. दोन्ही डोळे गच्च मिटलेलं.

त्या कोपऱ्यात पुन्हा कुणी थुंकलं नाही. काकू मात्र आंघोळीआधी त्या मिटल्या डोळ्यांवरही टॉवेल टाकायच्या.

"देव झालो तरी पुरूसच तो!"