माह्या हातची चाय

बडेबाबूनं, म्हंजे आमच्या कचेरीच्या हेडक्लार्कनं, माह्या हातचा गिलास घेतला, खिडकीजवळ गेला अन् पानी बाहेर ओतून देलं. मंग गिलास टेबलावर नाही ठेवला. खाली फरशीवर ठेवला. मी वाकून उचलावा म्हनून.

"इसको पानी के काम पर किसने लगाया?" त्यानं कमऱ्यातल्या लोकायले इचारलं. मले नाही. माह्याशी तो बोलतच नव्हता.

सारे फायलीत मुंड्या घालून बसले. सुनंदाबी. सुनंदा आमची टायपिस्ट. लामत्याहून आम्ही एकाच बसनं येत होतो, दुपारी एकाच डब्यात जेवत होतो. ती पाटलाची पोर, मी बौद्धाची. तिनं माह्याशी कधी भेद केला नाही, खोटं काहून बोलू? पन त्या दिवशी तिनं मान वर केली नाही.

माहा नवरा ह्याच कचेरीत चपराशी होता. तो वारला, त्याची जागा मले भेटली. पानी भरनं, चाय करनं, फायली नेनं. सरकारनं देल्लेलं काम हाय हे. मंग माह्या हातानं पानी बाटते कसं? लय संताप आला. बालाघाटले गेली अन् मोठ्या साहेबाच्या हाती शिकायत देली.

जांच बसली. बसली कुठं, तं बडेबाबूच्याच कमऱ्यात! बालाघाटहून जांच करनारे साहेब आले अन् सरळ बडेबाबूच्या बाजूच्या खुर्चीवर टेकले. चोराच्याच हाती किल्ल्या. साऱ्या कचेरीले एका लायनीत उभं केलं. साहेबानं इचारलं, कोनी काही पायलं का? बडेबाबू एकेकाच्या तोंडाकडे पाहून राह्यला होता. ज्याच्या हाती सुट्टी, ज्याच्या हाती पगाराचं बिल, त्याच्यासमोर कोन बोलन? साऱ्यायनं मुंड्या हालवल्या. नाही साहेब. सुनंदानंबी हालवली.

साहेब मले म्हनले, शिकायत खोटी निंगाली तं तुह्या नोकरीवर येईन, अजूनबी वापस घे. मी म्हनली, घेत नाही. ते जरासे हासले. म्हनले, बरं, जा, साऱ्यायसाठी चाय बनवून आन.

मी गेली. सवय, दुसरं काय! हुकूम आयकला का पाय आपोआप चालतात. चाय केली, ट्रे घेऊन दारात आली, तं आतून बडेबाबूचा आवाज आला.

"लिख लीजिए सर, आपके सामने इसी के हाथ की चाय पी रहा हूं मैं."

तवा डोक्यात उजेड पडला. माह्याच हातानं मले खोटी पाडून राह्यले होते. बडेबाबूनं चाय घ्याले हात लांब केला. मी नोकरीत आल्यापासून पहिल्यांदा, अन् तोंडावर हासू.

ट्रे मी कपाटावर ठेवला. कोपऱ्यातली खुर्ची ओढली अन् बसली. त्या कमऱ्यात मी आजवर कधी बसली नव्हती.

"आज मी चाय देनार नाही साहेब. आज मी शिकायत करनारी हाय. बडेबाबूले बाहेर पाठवा, अन् एकेकाले आत बलावून इचारा."

"तू मुझे जांच करना सिखाएगी?" साहेब भडकले.

"हौ."

एवढंच तोंडातून निंगालं. पन खुर्चीवरून मी उठली नाही. साहेबानं रागारागानं लिहिलं, बाई उद्धट हाय, जांचमध्ये साथ देत नाही. फाईल बांधली अन् गाडीत बसून गेले. चायवर साय धरली, कोनी पेली नाही.

संध्याकाळी बसमध्ये सुनंदा रडाले लागली. "मी पायलं वो बाई. पन माहं नाव नोको घेऊ. मले पोरं हायेत."

मलेबी हायेत. बडेबाबूपेक्षा तिचा राग जास्त आला मले, साफ सांगते. तो तं दुश्मनच होता. हिच्या डब्यातला घास मी रोज खाल्ला होता.

दुसऱ्याच दिवशी मी नवा अर्ज टाकला. जांच दुसऱ्या साहेबानं करावी, दुसऱ्या जागी करावी, गवाह एकेकटे बलावावे. पानी ओतलं तवा कमऱ्यात कोन कोन होतं तेबी लिहिलं. पहिलं नाव सुनंदाचं.

आता ती दुसऱ्या बसनं येते. डबा वेगळा खाते. बडेबाबू लोकायजवळ म्हनते का हिची बदली करून लांजीले फेकतो. फेका. लांजीहून येईन, परसवाड्याहून येईन, पन जांचची तारीख चुकवनार नाही. घरचे म्हनतात, तिचं नाव तरी काढून टाक, पोरगी चांगली हाय.

चांगली हाय म्हनूनच लिहिलं. नवी जांच बसली का तिले साहेबासमोर खोलीत एकटीले बसावं लागन, दार बंद, बडेबाबू बाहेर. मंग खरं बोलो का खोटं, तिचं ती पाहो. मी नाव खोडनार नाही.