खंडेनवमीचा कॉम्प्युटर

"तू लांबूनच नमस्कार कर."

सर हे सगळ्या वर्गासमोर म्हणाले. खंडेनवमी होती. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात त्या वर्षी नुकतेच कॉम्प्युटर आलेले. पडद्यावर धडा यायचा, खाली प्रश्न, उत्तर दिलं की लगेच मार्क. त्या दिवशी सगळे बंद ठेवून पूजा मांडली होती. जो तो आपापल्या मशीनला हळदकुंकू लावत होता. मी हात पुढे केला आणि सरांनी नाकाला रुमाल लावला.

मी कोलशेतची. कोळ्याची पोर. पहाटे आईबरोबर मासळी निवडायची, मग कोपरापर्यंत साबण चोळून कॉलेज गाठायचं. वास गेला नसेलही. पण पहिल्या दिवसापासून एका मशीनवर आम्ही दोघी, आणि बटणं दाबणार फक्त माझी जोडीदारीण. मी मागे स्टुलावर. मार्क तिच्या नावावर. "तू बघून शीक," सर म्हणायचे. बघून पोहता येतं का कुणाला?

आमच्यात होडीची पूजा होते तेव्हा शेंबडं पोरही तिला हात लावतं. माझं डोकं फिरलं. खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत, मलाही माहीत होतं. मी खुर्ची ओढली, बसले आणि मशीन चालू केली.

"अगं, अपशकुन करतेस?" सर ओरडले.

"पूजा तुम्ही करा सर. मला शिकायचंय."

धडा सुरू झाला. पहिलं उत्तर चुकलं. दुसरंही. बोटांना अक्षरंच सापडेनात. पोरं फिदीफिदी हसली. जोडीदारणीने मान खाली घातली. सरांनी भिंतीवरचा स्विच बंद केला.

दसऱ्याची सुट्टी संपल्यापासून मला लॅब बंद. प्रॅक्टिकलला नापास. प्रिन्सिपॉल म्हणाले, "शिस्त म्हणजे शिस्त." वर्गातली पोरं आपापल्या मशीनवर जाऊन बसली.

आई म्हणाली, "कनाला जातंस गो तयां? बाजारान बस माज्यासंगं."

खरंच, कशाला जायचं तिथे? बसले. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

कुणाला पाझर फुटेल असं मला आता वाटत नाही. शिकून माणूस शहाणा होत असता तर सर झाले असते. पण कुणी जागा देईल म्हणून मी उभी राहणार नाही. बँकेत, कचेरीत, कुठेही. खुर्ची दिसेल तिथे बसेन. उठवायचं असेल तर त्यांना माझा हात धरूनच उठवावं लागेल.