दोघांत एक कागद

तेलगावचा रामेश्वर मोबाइल दुरुस्त करतो आणि बाकी सगळं बिघडवतो, असं त्याचा मित्र गहिनीनाथ म्हणतो. म्हणू दे! पुण्यात नोकरीला असताना रामेश्वरला एका खेळाचं वेड लागलं होतं. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि कोण तरलं, कोण बुडालं ते फाशानं ठरवायचं. गावी परतल्यावर गोष्ट आपणच रचायची, असं त्यानं ठरवलं. किल्ला, राक्षस, सात दरवाजे. चाळीस पानं भरून टाकली बहाद्दरानं. पुण्याच्या मित्रानं फोनवर बजावलं होतं, की वहीत कमी बघ, माणसांकडं जास्त बघ, आणि ती दुसऱ्यांदा आली तरच खेळ जमला समज. पण ऐकेल तो रामेश्वर कसला!

रविवारी दुकानातच मंडळी बसली. गहिनीनाथ, रामेश्वरचा चुलतभाऊ अभिमन्यू आणि त्याची बायको सुरेखा. हे दोघं दरसाल ऊसतोडीला जाणारे. पहिल्याच दरवाजात गहिनीनाथनं फतकल मारली. आत जायचंच कशाला, राक्षसालाच चहाला बाहेर बोलवू, म्हणाला. वहीत चहा नव्हता. रामेश्वर घामाघूम होऊन पानं उलटत बसला, अभिमन्यू जांभया देऊ लागला. खेळाचा पार बट्ट्याबोळ!

तेवढ्यात सुरेखानं विचारलं, "भावजी, माझा कागद कुठाय?"

कोण कोणतं पात्र, त्याचे कागद रामेश्वरनंच केले होते. गहिनीनाथचा एक, आणि 'अभिमन्यू-सुरेखा' असा एक. ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम तसंच लिहितो ना, नवरा-बायको मिळून एक कोयता! त्यात काही चुकलंय, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"फडात आमचा दोघांचा एक कोयता, ते ठीक हाय," सुरेखा म्हणाली. "हितं बी एकच?"

रामेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं वहीचं कोरं पान फाडून तिच्यापुढं ठेवलं. तिनं स्वतःचं नाव लिहिलं, फासा टाकला आणि थेट आत शिरली. पडला एक, बाई खंदकात! अभिमन्यूनं झटकन फाशाला हात घातला, हिला मी काढतो म्हणून.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी पडले, माझं मी निघंन."

ती कशी निघाली, हे वहीत कुठंच नव्हतं. रामेश्वर नुसता विचारत गेला, ती सांगत गेली, आणि जांभया कुठल्या कुठं पळाल्या.

पुढच्या रविवारी रामेश्वर दुपारपासूनच दाराकडं बघत बसला. गहिनीनाथ आला. अभिमन्यूला माजलगावला काम निघालं होतं.

सुरेखा एकटीच आली.