अहवालाला थांबलेली म्हातारी

कॉलेजच्या पहिल्या संमेलनासाठी मी नेमकी रापण ओढायची वेळ निवडली. मालवणच्या किनाऱ्यावर हे मोठं जाळं ओढायला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळतो, हे माझ्यासारख्या नव्या प्राचार्याला कुठून ठाऊक असणार! मी अहवालात 'कबड्डीत आपण जिद्दीने हरलो' इथवर आलो आणि किनाऱ्यावरून हाळी आली. विद्यार्थी, पालक, प्राध्यापक, सगळे पळाले.

पहिल्या रांगेत एक अनोळखी म्हातारी तेवढी उरली. पान चघळत, आमच्या प्रत्येक यशाला "बरा, बरा" म्हणत ती शेवटपर्यंत बसली. भारावून मी खाली उतरलो आणि हात जोडले.

"आजी, तुम्ही माझी लाज राखलीत."

"माझो पाय मुरगळलो हा, मास्तर. नायतर ह्या आयकूक हय कोण बसतलो?"